लाल टोपी, केशरी टोपी : नर्सिंग शिकणाऱ्या भाचीला आत्याचे कानमंत्र

बाळा,

परवा रात्री साडेदहाला फोन केलास, आवाज बारीक करून. "आत्या, आमच्या बॅचला ज्युनिअर मुलींना शिकवायचंय. औषधं जपून कशी वापरायची, हा विषय. मलाच अजून फार्माकोलॉजीचं पुस्तक उघडलं की रडू येतं, मी काय शिकवू?" मी हसले, ते तुला आवडलं नाही, कळलं मला. पण ते हसू आनंदाचं होतं गं. सरकारी दवाखान्यांत माझी चौतीस वर्षं गेली. त्यात ज्या सवयींनी माझे पेशंट वाचले, त्यांतल्या कितीतरी मला शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या मैत्रिणीने लावल्या. मॅडमसमोर "कळलं नाही" म्हणायला जीभ जड होते. मैत्रिणीसमोर होत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी तुमचा वर्ग मॅडमच्या वर्गाहून जास्त कामाचा ठरू शकतो.

फोनवर राहिलेलं लिहून पाठवते. एका बैठकीत वाचू नकोस, आणि पटलं नाही तिथे भांड माझ्याशी.

आधी आपली पेटी

१. शिकवायला बसण्याआधी हॉस्टेलच्या पेटीतला औषधांचा डबा पलंगावर ओत आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघ — कापलेल्या स्ट्रिपा, झाकण चिकटलेलं सिरप, गेल्या वर्षीचे डोळ्यांचे थेंब, सगळं निघेल. आपला डबा आवरलेला असला की दुसरीला सांगताना आवाज खरा लागतो.

२. नाव आणि तारीख छापलेल्या टोकाकडून गोळी काढायला कधी सुरुवात करू नकोस — शेवटी हातात उरते ती बिननावाची गोळी, आणि बिननावाची गोळी म्हणजे बिनपत्त्याचं पाकीट, कुठे जाऊन पोचेल सांगता येत नाही.

३. मैत्रिणीची गोळी म्हणजे मैत्रिणीची चप्पल, दिसायला मापाची, चालायला लागलं की चावते — तिला सोसणारी सल्फाची गोळी तुझ्या अंगावर फोड उठवू शकते, आणि तिची अॅलर्जी तिला ठाऊक असते, तुझी तिला नाही.

४. अंग दुखतंय म्हणून एक आणि नाक गळतंय म्हणून दुसरी, अशा दोन गोळ्या घेण्याआधी दोन्हींचं बारीक अक्षर वाच — सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटॅमॉल आधीच असतं. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेलं की यकृताला मार बसतो, आणि तो मार पहिल्या दिवशी दिसत नाही.

५. पाळीच्या दुखण्यावर हॉस्टेलात जी गोळी खडीसाखरेसारखी वाटली जाते, तिच्यातलं मेफेनॅमिक अॅसिड पोट भरलेलं असतानाच घ्यायचं, हे पहिल्याच वर्गात सांग — आणि घेतल्यानंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं असं काही दिसलं तर गोळी थांबवून डॉक्टर गाठायचा. इंडियन फार्माकोपिया कमिशनने ३० नोव्हेंबर २०२३ ला याच प्रतिक्रियेबद्दल इशारा दिला होता.

६. गौरी-गणपती आले की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची चिठ्ठी खोल्याखोल्यांतून फिरते. देवघरात जायचं की नाही ते तू आणि तुझी आई ठरवा, पण ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही गिळू नये — ते हार्मोन आहे. पूर्वी रक्ताची गुठळी झालेली, यकृताचं दुखणं असलेली, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं अशी मुलगी तुमच्यातच असते आणि ती आपणहून बोलत नाही.

७. गोरं करणारी म्हणून मैत्रीण जी ट्यूब देते, तिच्यावरची नावं मोठ्याने वाचायला लाव — नावाच्या शेवटी 'सोन' आलं की बहुतेकदा ते स्टिरॉइड असतं, मग ते मोमेटासोन असो की बीटामेथासोन; महिनाभर चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, लाल होते, आणि ट्यूब सोडली की आग आग होते.

८. घसा धरला की उरलेली अँटिबायोटिकची गोळी शोधायची सवय मोड, आणि स्ट्रिपच्या डाव्या कडेची उभी लाल रेघ सगळ्यांना बोट लावून दाखव — ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही. साधी सर्दी विषाणूची असते, तिला ही गोळी लागूच पडत नाही, उलट पोटातले जंतू मात्र तिला ओळखून बसतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगसाहेबांनी १९४५ साली नोबेल घेतानाच्या भाषणात सांगितलं होतं की अर्धामुर्धा डोस घेतला तर जंतू निर्ढावतील. ऐंशी वर्षं झाली.

वर्ग असा घे

९. उभी राहून बोलू नकोस, सतरंजीवर गोल करून बस आणि सहा-सातपेक्षा जास्त मुली घेऊ नकोस — आठवी मुलगी भिंतीला टेकते आणि टेकलेली मुलगी झोपते.

१०. सुरुवात सांगण्याने करू नकोस, विचारण्याने कर: "ताप आला तर तू काय घेतेस, कुठून आणतेस?" — खरी सवय बाहेर आली की अर्धा धडा त्यांच्याच तोंडून निघतो.

११. हातात वस्तू दे: रिकाम्या स्ट्रिपा, धुतलेल्या बाटल्या, सुईशिवायच्या सिरिंजा — सांगितलेलं कानाशी थांबतं, हाताळलेलं बोटांत राहतं.

१२. "कळलं का?" हा प्रश्न कायमचा टाकून दे, त्याऐवजी म्हण, "आता मी तुझी आजी आहे, मला समजावून सांग" — 'कळलं का'ला सगळ्या माना डोलावतात, आणि आजीला सांगताना न कळलेली जागा आपोआप अडखळते.

१३. एका बैठकीला एकच औषध किंवा एकच सवय — ताटात सगळं वाढलं की पोर भाताशीच खेळत बसतं.

१४. उत्तर येत नसेल तर "बघून सांगते" म्हण, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या रांगेत तिला गाठून खरंच सांग — मैत्रिणीने ठोकून दिलेलं उत्तर पुस्तकातल्या उत्तराहून जास्त दिवस लक्षात राहतं, धोका तोच आहे.

१५. तक्ता भिंतीला लावण्याआधी ट्यूटर मॅडमच्या नजरेखालून घाल — एका आकड्याची चूक तू एकदा करशील, पण तुझ्या तक्त्यावरून सात जणी सात वॉर्डांत करतील.

१६. कुणा मुलीची चूक सांगायची असेल तर नाव गाळ, आणि शक्यतो आपलीच सांग — हसं झालेली मुलगी पुढच्या वेळी लपवायला शिकते.

तर आता माझी सांगते. तुझ्या वर्गात हीच सांग, माझी परवानगी आहे.

नोकरीचं दुसरं वर्ष. मेडिसिन वॉर्ड, रात्रपाळी, कोपऱ्यातल्या खाटेवर साखरेच्या दुखण्याच्या एक आजी. कागदावर इन्सुलिन २० युनिट. आपल्याकडे वायलमधलं इन्सुलिन मुख्यतः ४० युनिटचं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. ट्रेमध्ये त्या दिवशी केशरी टोपीच्या आल्या होत्या, १०० युनिटच्या. मी टोपी काढून टाकली, २० च्या रेघेपर्यंत भरलं, टोचलं. बरोबर २० ची रेघ होती गं, मी दोनदा बघितली होती. पण १०० च्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली, आणि त्या वायलच्या ०.२ मिलीत फक्त ८ युनिट. दोन दिवस मी तेच करत राहिले. आजींची साखर उतरेना, डॉक्टरांनी डोस वाढवून ३० केला. तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुसऱ्या सिस्टरने लाल टोपीच्या सिरिंजमधून खरे ३० दिले. दुपारी आजी घामाने भिजल्या, बोलेनाशा झाल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आरडाओरडा केला म्हणून शिरेतून ग्लुकोज वेळेत गेलं. आजी वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे चहा मागितला आणि मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले.

१७. दोन वाट्यांत हळदीचं पाणी घे, एकीच्या हाती लाल टोपीची आणि दुसरीच्या हाती केशरी टोपीची सिरिंज दे, दोघींना २० च्या रेघेपर्यंत भरायला सांग आणि दोन्ही शेजारी धरायला लाव — एकीत अर्धा मिली, दुसरीत त्याच्या अर्ध्याहूनही कमी. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की जन्मभर टोपीचा रंग बघितल्याशिवाय हात पुढे जात नाही.

१८. सिरिंज उचलण्याआधी वायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही ओठ हलवून वाच — मनात वाचलेलं डोळे आपल्या सोयीने वाचतात.

ड्यूटीवर

१९. औषधाचं लेबल तीनदा वाच: कपाटातून काढताना, भरताना, परत ठेवताना — कपाटात सारख्या तोंडवळ्याच्या बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या शेजारी बसतात, आणि घाईचा डोस म्हणजे पस्तावा बारोमास.

२०. "तुम्ही सुमनबाई ना?" असं विचारू नकोस, "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हण आणि केसपेपरशी जुळव — कमी ऐकू येणारं माणूस कशालाही 'हो' म्हणतं, आणि आमच्या एका वॉर्डात एका वेळी तीन सुमनबाई होत्या.

२१. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधी शून्य घालायचं, पण पाच लिहिताना टिंबापुढे शून्य घालायचं नाही — ०.५ चं टिंब पुसलं तरी आधीचं शून्य ओरडून सांगतं, ५.० चं टिंब पुसलं की ५० होतात.

२२. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिही, इंग्रजी यू अक्षर नाही — घाईत लिहिलेलं यू वरून मिटतं, शून्य होतं आणि डोस दहापट.

२३. पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल दिसलं की जिथे असशील तिथे थांब. ते पातळ केल्याशिवाय शिरेत कधीच जात नाही, आणि विद्यार्थिनीच्या एकटीच्या हातून तर मुळीच नाही — थेट गेलं तर हृदय बंद पडतं, दुसरी संधी नसते.

२४. संधिवाताच्या पेशंटच्या कागदावर मेथोट्रेक्सेट दिसलं की वार लिहिलाय का बघ, आणि घरी जाताना तो वार तिच्याकडून तीनदा म्हणवून घे — ही गोळी त्यांना आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर जीव जातो. आणि गोळी म्हटलं की आपल्या माणसाला रोजचीच वाटते.

२५. दुसरीने भरलेली सिरिंज तू टोचायची नाही, आणि तू भरलेली लेबल न लावता ट्रेमध्ये ठेवायची नाही — पाण्यासारखं दिसणारं सगळं पाणी नसतं.

२६. ट्रॉली फिरवताना कुणी बोलायला आलं तर हात वर करून "पाच मिनिटं" म्हण, मग ते डॉक्टर का असेनात — माझ्या निम्म्या चुका बोलता बोलता झाल्या.

२७. संशय आला की विचार, इन्चार्ज सिस्टर चिडल्या तरी विचार — विचारलं तर मिनिट जातं, न विचारलं तर माणूस.

२८. बॅच नंबर लिहायचा कंटाळा करू नकोस — १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच बसला होता. तेच विष, डायएथिलीन ग्लायकॉल, २०२५ मध्ये खोकल्याच्या सिरपमधून छिंदवाड्याच्या लेकरांच्या पोटात गेलं आणि त्यांतली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत दगावली. कुठल्या बाटलीतून काय गेलं हे शोधायची वेळ येते तेव्हा सिस्टरची ती कंटाळवाणी नोंदच कामाला येते.

२९. चूक झाली तर त्याच मिनिटाला सांग, आधी पेशंटकडे बघ, मग डॉक्टरांना बोलाव, मग कागद — झाकलेली चूक व्याते. माझ्या आठ युनिटमधून तीस युनिट कसे जन्मले ते वाचलंसच.

३०. औषधाने कुणाला पुरळ, चक्कर, काही वेगळं झालं तर ते कळवण्याचा हक्क नर्सलाही आहे, हे ज्युनिअर मुलींना आवर्जून सांग. १८००-१८०-३०२४ हा फार्माकोव्हिजिलन्सचा फुकटचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लाव — पेशंटच्या उशाशी आठ तास आपण असतो, आधी आपल्यालाच दिसतं.

गावात पोस्टिंगला गेलात की

३१. कागदावरचं १-०-१ कुणाला कळतं असं धरून चालू नकोस, पाकिटावर सूर्य काढ, चंद्र काढ, आणि भाकरीच्या आधी की नंतर ते बोलून घे — एका आजोबांनी मला विचारलं होतं, "एकशे एक गोळ्या मी कधी संपवायच्या?"

३२. औषधाचा चमचा म्हणजे बाटलीवरचं माप, घरातला चमचा नाही. तीन घरांतून तीन चमचे मागून आण आणि मापाने ५ मिली पाणी त्यांत ओतून दाखव — एकात उतू जाईल, एकात तळाशी राहील, मग बायकाच आपसांत बोलायला लागतील.

३३. लहान बाळाचे तापाचे थेंब आणि मोठ्या पोराचं तापाचं सिरप एकच समजणाऱ्या आईला दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून दाखव — थेंबांच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल असतं, सिरपच्या अख्ख्या ५ मिलीत १२० किंवा २५०. सिरपच्या सवयीने ५ मिली थेंब पाजले तर बाळाच्या पोटात एकदम ५०० जातं. आणि डोस वयावर नाही, वजनावर ठरतो हेही तिला सांग.

३४. ओआरएसचं पाकीट अर्धं करून ठेवू देऊ नकोस. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात एकाच वेळी, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं — पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होऊन बाळालाच त्रास होतो.

इथे थोडी थांबते. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं, आणि ते पाजायचं काम पेशंटच्या नातेवाइकांना शिकवलं. नर्स पुरेशा नव्हत्या, डॉक्टर पुरेसे नव्हते. शेजारच्याने शेजारच्याला पाजलं आणि माणसं वाचली. मला कुणी विचारलं की औषधाचं ज्ञान एकमेकींना देऊन काय होतं, तर मी ही छावणी सांगते.

३५. गरोदर बाईला लाल लोहगोळी देताना आधीच सांग की शौच काळी होईल आणि चहाबरोबर ही घ्यायची नाही, लिंबू पिळून खाल्लेल्या जेवणानंतर चालेल — न सांगता काळी दिसली की ती घाबरून सगळी पाकिटं माळ्यावर टाकते.

३६. त्याच गोळ्या घरातल्या लहानग्याच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवून घे, तिच्या डोळ्यांदेखत — लाल, गुळगुळीत, गोड लेपाची गोळी तीन वर्षांच्या पोराला जेम्सची गोळी वाटते, आणि मूठभर लोह त्याच्या जिवावर बेततं.

३७. क्षयाच्या पेशंटला पहिल्या दिवशीच सांग की लघवी केशरी होईल — ते रिफॅम्पिसिनचं आहे, रक्त नाही. आणि दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणजे दुखणं गेलं असं समजून गोळ्या सोडायच्या नाहीत, साध्या क्षयालाही सहा महिने लागतात.

३८. "आणखी काय घेता?" हा प्रश्न शेवटी, उठता उठता, प्रेमाने विचार — काढा, भस्म, वैदूची पुडी, शेजारणीची बीपीची गोळी, हे सगळं तेव्हाच निघतं, केसपेपर लिहिताना निघत नाही.

३९. "सुई मारा ना सिस्टर" म्हणणाऱ्या मावशीवर वैतागू नकोस, तिच्याजवळ दोन मिनिटं बस — तिला सुई नको असते, कुणीतरी नीट बघावं असं वाटत असतं.

पार्सलमध्ये बेसनाच्या लाडवांखाली लाल टोपीच्या चार आणि केशरी टोपीच्या चार सिरिंजा ठेवल्यात, सुया काढलेल्या. लाडू मैत्रिणींना वाट, सिरिंजा वर्गासाठी ठेव. पहिला वर्ग झाला की त्याच रात्री फोन कर, कितीही वाजले तरी. मुलींनी तुला काय काय विचारलं, आणि त्यातलं कशाचं उत्तर तुला आलं नाही, ते आधी सांग.

तुझी,
आत्या